ऑफिसातून शाळेसाठी पुस्तकं गोळा केलीत? तुमचे अनुभव सांगा

१५ ऑक्टोबर जवळ आला की आमच्या हिंजवडीच्या ऑफिसात लिफ्टशेजारी एक खोका येऊन बसतो. अब्दुल कलामांची जयंती, म्हणजे वाचन प्रेरणा दिन. शाळांमध्ये तो २०१५ पासून साजरा होतो, आता कंपन्यांच्या कॅलेंडरातही शिरलाय. मागच्या वर्षी त्या खोक्याची जबाबदारी माझ्याकडे होती. तीन आठवड्यांत ६४० पुस्तकं जमली. सगळ्यांना आभाराचा मेल गेला, वरच्या साहेबांनी पाठ थोपटली. मग एका शनिवारी मी आणि एक मैत्रीण ती निवडायला बसलो.

पेन्सिलीने उत्तरं भरलेली प्रवेश परीक्षांची गाइडं. जावा प्रोग्रामिंगच्या पुस्तकाच्या तीन आवृत्त्या. महिन्याभरात श्रीमंत करून सोडणारी डझनभर. २०१७ ची कोरी डायरी. एका विमा कंपनीचा वार्षिक अहवाल (हा कुणी आणि काय विचार करून टाकला असेल?). पहिली ते चौथीच्या पोरांच्या हातात देता येतील अशी मराठी पुस्तकं निघाली ५९. तेव्हाच बाकीची रद्दीवाल्याला द्यायला हवी होती. पण लोकांनी ‘दान’ दिलेलं रद्दीत कसं घालायचं, म्हणून सगळीच्या सगळी भोर तालुक्यातल्या शाळेत नेऊन उतरवली. शाळेला दोन खोल्या. दिवाळीनंतर गेले तर पोती खिचडीच्या खोलीत, तांदळाशेजारी. बाई काही बोलल्या नाहीत, चहा दिला.

यंदा तसं करायचं नाही. ज्यांनी ऑफिसातून, कारखान्यातून, बँकेतून असं काही केलंय, किंवा ज्यांच्या शाळेत अशी पुस्तकं येऊन पडलीत, त्यांनी लिहा. फसलेलंही लिहा.

जिल्हा परिषद शिक्षक, धडगाव तालुका, नंदुरबार

मी घेणाऱ्या बाजूचा. पट २३, शिक्षक दोन. आमच्याकडे आतापर्यंत तीनदा पुस्तकं आली. एकदा तर पाहुणे फलक घेऊन आले होते. पोरांना ओळीत उभं करून प्रत्येकाच्या हातात एकेक पुस्तक दिलं, मुखपृष्ठ कॅमेऱ्याकडे. फोटो झाले, गाडी गेली. दुसरीतली एक मुलगी माझ्यापाशी आली आणि पुस्तक पुढे करून म्हणाली, “गुरुजी, हे आता ठेवून घ्या.” तिला वाटलं, फोटोपुरतंच होतं. तिचं तरी काय चुकलं? आमच्याकडे गणवेशापासून तिरंग्यापर्यंत बरंच काही कार्यक्रम झाला की कपाटात जातं.

कपाटाचंही सांगतो, कारण हे बाहेरच्यांना ठाऊक नसतं. शाळेत आलेली वस्तू साठा नोंदवहीत चढते. बदली झाली की पदभार देताना ती मोजून द्यायची. फाटकं पुस्तक काढून टाकायचं तर निर्लेखनाचा, म्हणजे नोंदीतून कमी करण्याचा, प्रस्ताव. त्यामुळे जो शिक्षक पोरांना पुस्तकं हाताळू देतो तो अडचणीत, आणि जो कुलूप लावतो त्याचा हिशेब चोख. म्हणून पाहुण्यांना माझी एकच विनंती असते: पत्रात लिहून द्या की ही पुस्तकं मुलांच्या रोजच्या हाताळणीसाठी आहेत, फाटणार आणि हरवणार हे गृहीत धरलंय. शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत ते पत्र वाचून ठराव करून ठेवतो. तेवढ्या कागदावर माझं कुलूप दोन वर्षं उघडं आहे.

भाषेचा मुद्दा वेगळाच. पोरं घरी पावरी बोलतात. पहिलीला मराठी म्हणजे परकी भाषा. त्यांना एका पानावर एक चित्र आणि एक-दोन ओळींचं पुस्तक लागतं. मोठी मुलं छोट्यांसाठी मराठी ओळीखाली पेन्सिलीने पावरी लिहितात. पुस्तक खराब होतं म्हणाल तर होतं. सगळ्यात जास्त तीच वाचली जातात.

बँक कर्मचारी, बीड जिल्हा

आमची चूक तारखेची होती. शाखेतल्या नऊ जणांनी वर्गणी काढली, औरंगाबादहून (आता छत्रपती संभाजीनगर, माझ्या तोंडात अजून जुनंच नाव येतं) चांगली निवडून पुस्तकं आणली आणि वाटपाचा दिवस ठरवला नोव्हेंबरचा शेवट. गेलो तर अर्धा वर्ग रिकामा. दिवाळी झाली की ऊसतोडीला कोयते निघतात, नवरा-बायको मिळून एक कोयता, आणि पोरं बरोबर. काही आजीपाशी राहतात, काही हंगामी वसतिगृहात, बाकीची थेट साखर कारखान्याच्या अड्ड्यावर. मी याच जिल्ह्यातला. मला हे सुचायला नको होतं?

पुढल्या साली आम्ही दिवाळीच्या सुट्टीआधी गेलो. बाईंनी युक्ती काढली: जाणाऱ्या प्रत्येक पोराच्या दप्तरात दोन पातळ पुस्तकं, प्लास्टिकच्या पिशवीत घालून. गाळप संपल्यावर परत आणायची. ४४ गेली, ३१ आली. एकावर कोपीतल्या (ऊसतोड मजुरांच्या खोपटातल्या) चुलीचा धूर असा बसला होता की पानं पिवळी पडून वास येत होता. एका पोराने सांगितलं, अड्ड्यावर शेजारच्या कोपीतल्या मुलाशी त्याने पुस्तक बदलून घेतलं. आमच्या यादीत नसलेलंच पुस्तक तो घेऊन आला होता. बाईंनी ते तसंच जमा करून घेतलं.

चाकण, मेन्टेनन्स विभाग

आमच्यात जुनी पुस्तकं घेतच नाही. पगाराच्या दिवशी कॅन्टीनच्या दारात डबा, माणशी ५० रुपये, तिन्ही शिफ्ट. ९,३०० जमले. पैसे दुकानात, निवड शाळेतल्या बाईंची. आमच्यातला एक जण फक्त गाडी घेऊन बरोबर गेला. शाळेच्या नावाने बिल केलं तर दुकानदार सूट देतो, मागावी लागते. बाईंनी आम्हाला वाटलं होतं त्यापेक्षा निम्मीच पुस्तकं घेतली, पण एकेकाच्या सहा-सहा प्रती. आधी कळेना. मग म्हणाल्या, सहा पोरं गोल बसून एकच गोष्ट वाचतात, एक अडलं की दुसरं सांगतं. बरोबर आहे.

मनुष्यबळ विभाग, ठाणे

ऑफिसच्या आतली बाजू सांगते. आमच्याकडे पहिला प्रश्न आला, हे सीएसआरमध्ये, म्हणजे कंपनीच्या सामाजिक जबाबदारीच्या खर्चात, दाखवता येईल का? कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ खाली कंपनीने स्वतः केलेला खर्च धरला जातो. कर्मचाऱ्यांनी घरून आणलेली पुस्तकं आणि शनिवारी दिलेले तास त्यात मोजता येत नाहीत. हे समजल्यावर वरचा उत्साह थोडा ओसरला, आणि खरं सांगू, आमचं काम सोपं झालं.

दुसरी अडचण स्टिकरची. प्रत्येक पुस्तकावर कंपनीचं बोधचिन्ह हवं, असा आग्रह. उन्हाळी प्रशिक्षणाला आलेल्या मुलांनी ३०० पुस्तकांवर स्टिकर चिकटवले, तेही बरोबर पहिल्या पानावरच्या चित्रावर. एका गोष्टीतला हत्ती कायमचा आमच्या बोधचिन्हाखाली गेला. आता मलपृष्ठाच्या आत छोटा शिक्का मारतो.

आणि शाळा निवडताना कुणाच्या तरी गावची म्हणून निवडू नका. केंद्रप्रमुखांना (आसपासच्या शाळांवर देखरेख ठेवणाऱ्या अधिकाऱ्यांना) विचारा. रस्त्यालगतच्या शाळेत चार कंपन्यांची कपाटं असतात, डोंगरापलीकडे एकही नाही.

निवृत्त ग्रंथपाल, सातारा

जुनी पुस्तकं घेणारच असाल तर आधी दोन दिवस सावलीत उघडी करून झटका. उन्हात नको, बांधणी आखडते. कसर लागलेलं एक पुस्तक खोक्यात गेलं तर बाकीच्यांची वाट लागते. चिकटपट्टी लावू नका, दोन पावसाळ्यांत पिवळी पडून कागद घेऊन निघते. मी खळ लावतो. आमचे जुने बांधणीवाले खळीत मोरचूद घालायचे, किडा लागत नसे. पण ते विष आहे आणि लहान मुलं पान उलटताना बोट चाटतात, म्हणून मी घालत नाही. खळ दोन वर्षांनी पुन्हा लावावी लागली तरी चालेल.

खोके ए-फोर कागदाचे घ्या, तुमच्या ऑफिसात ढिगाने असतात. भरल्यावर एका माणसाला उचलतात. टीव्हीच्या खोक्यात पुस्तकं भरणाऱ्याने ती स्वतः जिना चढवून दाखवावीत.

ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथनांचा १९३१ सालचा पहिला नियम आहे, पुस्तकं वापरासाठी असतात. वरच्या गुरुजींची नोंदवही वाचून आठवला.

नाव नको, पुणे

राग येईल, पण शाळेत पुस्तकं पुरवणं हे सरकारचं काम नाही का? आपण खोके भरत राहिलो तर त्यांना कोण विचारणार?

धडगावचे शिक्षक, पुन्हा

विचाराच. पाठ्यपुस्तकं आम्हाला आठवीपर्यंत मोफत येतात, म्हणून तुमची जुनी क्रमिक पुस्तकं तर मुळीच नकोत. गोष्टींच्या पुस्तकांसाठी मी दर वर्षी मागणी लावतो. पण पहिलीतलं पोर पुढच्या जूनमध्ये दुसरीत जातं, ते थांबत नाही.

न्यू जर्सी

आम्ही इथल्या ऑफिसात इंग्रजी बालपुस्तकं जमवून रत्नागिरी जिल्ह्यात बोटीने पाठवली. खर्च पुस्तकांच्या किमतीहून जास्त. आत बेसबॉल, बर्फाचा माणूस आणि भोपळ्याचे कंदील. तिसरीच्या मुलांनी चित्रं पाहिली आणि परत केली. आता तेवढ्या पैशात बालभारतीच्या ‘किशोर’ची वर्गणी भरतो. १९७१ पासून निघणारं मासिक, मी स्वतः त्यावर वाढलो. दर महिन्याला काहीतरी नवं येतं हे मुलांना फार आवडतं, असं तिथले सर सांगतात.

पुन्हा मी, हिंजवडी

वाचून दोन गोष्टी लगेच केल्या. भोरच्या बाईंना फोन केला आणि पोती उचलून आणायला परवानगी मागितली. त्या इतक्या पटकन हो म्हणाल्या की मलाच ओशाळल्यासारखं झालं. गाइडं आणि जावा रद्दीत गेली, १,१२० रुपये आले.

दुसरं, यंदा लिफ्टशेजारी खोका नाही, बाईंनी दिलेली यादी लावलीय. ३७ ओळी, प्रत्येकीपुढे एका माणसाने नाव लिहायचं. बहुतेक पातळ चित्रपुस्तकं, तीन ठिकाणी ‘सहा प्रती’. तीन दिवसांत ३६ ओळी भरल्या. उरली ती शेवटची: “खिडकीखाली मुलांचा हात पोचेल अशा उंचीवर दोन फळ्या.” ड्रिल मशीन असलेलं कुणी येत्या शनिवारी भोरला येणार असेल तर सांगा. भिंत दगडी आहे.