प्रतिसाद: अधिकार नाहीत, मग मंडळ कशाला?

वर एकांनी विचारलंय की पगार नाही, कर लावायचा हक्क नाही, अशा गावमंडळाचा उपयोग काय? स्कॉटलंडमधल्या कम्युनिटी कौन्सिलचं उदाहरण इथे चपखल बसतं. 1973 च्या स्थानिक शासन कायद्याने ही मंडळं आली. सदस्य बिनपगारी. इंग्लंडमधल्या पॅरिश कौन्सिलला (तिथली गावपातळीवरची परिषद, 1894 च्या कायद्याची) स्थानिक करातून स्वतःचा वाटा मागता येतो, यांना तेही नाही. मुख्य कौन्सिल (त्या भागाचा कारभार पाहणारी मोठी स्थानिक संस्था) देईल त्या किरकोळ अनुदानावर भागवायचं.

पण बांधकाम परवानगीच्या अर्जांवर यांचं मत मागवावं लागतं, आणि खरी मेख तिथेच आहे. डोंगरावर पवनचक्क्या यायच्या म्हटलं की कंपनीला गावाच्या वतीने बोलणारं कोणीतरी लागतं. तिथल्या सरकारी मार्गदर्शनानुसार दर मेगावॅटमागे वर्षाला 5,000 पौंड गावासाठी द्यावेत अशी अपेक्षा असते. सक्ती नाही. वीस मेगावॅटचा प्रकल्प धरला तरी वर्षाला लाखभर पौंड झाले! तो पैसा कसा वापरायचा या चर्चेत बहुधा हेच बिनपगारी लोक पुढे असतात.

माझ्या मते दुखणं अधिकारांपेक्षा माणसांचं आहे. जागांपेक्षा उमेदवार कमी, म्हणून अनेक ठिकाणी मतदानाची वेळच येत नाही. मग 'तुम्ही कोणाचे प्रतिनिधी?' असं अधिकाऱ्याने विचारलं की पंचाईत. त्यावर एकच उपाय दिसतो: मत कळवण्याआधी उघडी बैठक घ्यायची आणि विरोधातलं म्हणणंही पत्रात लिहायचं.