मदत हवी आहे: घोडीच्या सौद्यातले शब्द (अर्जंट, उद्या सकाळी इसार द्यायचाय)

रायबागकर_७
मंडळी, घाईत आहे. मिरजेकडच्या एका व्यापाऱ्यानं आमच्या आबांना व्हॉट्सअॅपवर आवाज पाठवलाय: "कुमैत हाय, पंचकल्याणी, देवमण हाय, गोम न्हाई, सगळे दात जुळलेत, चाल रवाल." आबा नुसती मान डोलावतात. अर्थ विचारला की "तुला काय कळतंय त्यातलं". पैसे मात्र मी देणार. मी हुबळीत नोकरीला, मला यातलं फक्त 'दात' कळलं. एकेका शब्दाचा अर्थ सांगा. घेऊ नका, परवडत नाही, हे सांगायला कुणी येऊ नये, ते बायकोनं सांगून झालंय.

शब्दवेडा
फार सुंदर विषय! अश्व, तुरग, हय, वाजी ही नावं सगळ्यांना ठाऊक असतात, पण 'सैंधव' म्हणजेही घोडाच, सिंधूकडून आलेला. मिठालाही तोच शब्द. आपला 'वारू' मात्र आता फक्त निवडणुकीच्या बातम्यांत उधळतो.

रायबागकर_७
सर, व्यापारी यातलं काहीच बोललेला नाही.

टांगेवाल्याचा नातू
घोडा की घोडी? वय किती? कशासाठी घेताय? टांग्याला, शर्यतीला की वरातीला? हे न सांगता अर्थ विचारताय, म्हणजे पत्ता न देता रिक्षात बसल्यासारखं झालं. तरी सांगतो.

कुमैत म्हणजे अंग तांबूस तपकिरी, आयाळ-शेपूट काळी. आयाळही तांबडीच असेल तर तो सुरंग. पंचकल्याणी म्हणजे चारी पाय खुराच्या वर पांढरे आणि तोंडावर पांढरा पट्टा, चार अधिक एक. तीनच पाय पांढरे असले तर पंचकल्याणी नव्हे, आणि दरही तो नव्हे. देवमण हा गळ्याखालचा केसांचा भोवरा, शुभ मानतात. गोम म्हणजे केसांची गोमेसारखी लांबट रेघ, ती अशुभ. "यातच खरी गोम आहे" म्हणतो ना आपण, ती हीच.

रायबागकर_७
घोडी. वरातीसाठी. वय व्यापारी सांगत नाही, "दात जुळलेत" एवढंच म्हणतो. फोटो टाकलाय.

भीमथडी_प्रेमी
मारवाडी, काठियावाडी कशाला? भीमथडी घ्या. भीमेच्या काठचं काटक तट्टू, मराठ्यांच्या फौजा यावरच दौडल्या. आता स्वतंत्र जात म्हणून नोंदही झालीय. खाणं कमी, डोंगर चढतं, दुखणं नाही.

खानापूरची सून
वरातीला तट्टू? नवरदेवाचे पाय जमिनीला घासतील हो दादा.

भीमथडी_प्रेमी
नवरदेव बुटका बघा मग.

पशुसेवक
देवमण-गोम बाजूला ठेवा. ग्लँडर्सची रक्ततपासणी झालीय का ते विचारा. नाकातून घट्ट स्राव, अंगावर गाठी, व्रण. हा रोग माणसालाही होतो आणि सापडला तर जनावर मारावंच लागतं. खात्रीची तपासणी हिसारच्या राष्ट्रीय अश्व अनुसंधान केंद्रात होते. त्यात तुम्ही राज्याची हद्द ओलांडून आणणार, म्हणजे पशुवैद्याचा दाखलाही हवाच. भोवऱ्यानं कुणी मरत नाही.

टांगेवाल्याचा नातू
डॉक्टर, बरोबर आहे तुमचं. पण बाजारात गोमेमुळे दर पडतो हेही खरंच. विकायच्या वेळी गिऱ्हाईक रक्ताचा कागद बघत नाही, कपाळ बघतं.

पशुसेवक
म्हणूनच रोग पसरतात.

टांगेवाल्याचा नातू
बरं. रायबागकर, दातांचं ऐका. घोड्याचे दुधाचे दात अडीच वर्षांच्या सुमाराला पडायला लागतात आणि पाचव्या वर्षी सगळे पक्के येतात. 'जुळले' म्हणजे पाच पूर्ण. पण पाच पूर्ण ते पंधरासुद्धा जुळलेलेच! पुढचं वय दातांच्या झिजेवरून कळतं. व्यापारी वय का सांगत नाही, ते आता तुम्हीच ओळखा. रवाल म्हणजे एका बाजूचे पुढचा-मागचा पाय एकदम उचलून चालणं. दुडक्या चालीत बसणारा उसळतो, रवालीत हातातलं पाणी सांडत नाही. वरातीला मात्र चालीपेक्षा ताशा आणि फटाक्याला बुजत नाही ना ते बघा.

अंकलीचा_भक्त
घोड्यांचं निघालंय म्हणून सांगतो. माउलींच्या पालखीचे अश्व आमच्या चिकोडी तालुक्यातल्या अंकलीहून, शितोळे सरकारांकडून दरवर्षी आळंदीला पायी जातात. एकावर जरीपटका घेतलेला स्वार, दुसरा मोकळा, त्यावर माउली बसतात. रिंगणात टापांखालची माती लोक कपाळाला लावतात. तिथं 'घोडा' म्हटलं की म्हातारी माणसं वळून बघतात. अश्वच म्हणायचं.

रायबागकर_७
माउली, नमस्कार. पण मी सौद्याचं विचारतोय.

सीमावासी
धाग्यात 'बेळगावी' कुणी लिहिलं तर…

संपादक
कुणीही लिहिलेलं नाही. घोड्यावर या.

खानापूरची सून
फोटो मोठा करून बघितला. पुढचे दोन पाय पांढरे, मागचा डावा पांढरा. मागचा उजवा कडब्याच्या पेंढीत आहे. पेंढी अशी कशी बरोबर तिथंच पडली?

टांगेवाल्याचा नातू
काय सांगूलास! मीही बघितलं नव्हतं. रायबागकर, चौथ्या पायाचा फोटो मागवा. आणि पाठीवर हात फिरवायला सांगा, खोगिरानं पाठ लागलेली असेल तर तिथले केस पांढरे येतात.

शब्दवेडा
पैसे कर्जाचे का? पूर्वी स्वतःचा घोडा असे तो शिलेदार आणि सरकारी पागेतल्या घोड्यावर बसे तो बारगीर. हप्ते फिटेपर्यंत आबा बँकेचे बारगीरच.

रायबागकर_७
(दुसऱ्या दिवशी) आबा जाऊन आले. मागचा उजवा पाय काळा. मी फोनवर ओरडलो तर आबा शांत. म्हणाले, "मला फोटोतच कळलं होतं रं. आधीच बोललो असतो तर त्यानं पेंढी हलवून दुसरी गोष्ट रचली असती." तिथं चारचौघांत पाय दाखवून दर पाडला. वय नऊ निघालं, ताशाला कान हलवते, उधळत नाही. पाठ साफ आहे. इसार दिलाय, बाकी पैसे रक्ताचा अहवाल आल्यावर. पशुसेवक, तेवढं तुमचं ऐकलं.

पशुसेवक
उत्तम. अहवाल येईपर्यंत गावातल्या दुसऱ्या जनावरांजवळ बांधू नका.

रायबागकर_७
तोवर त्याच्याकडंच आहे.

टांगेवाल्याचा नातू
आणि नालबंद कोण आहे तुमच्या गावात?

रायबागकर_७
कुणीच नाही. नवा धागा काढतो.