कॅम्परच्या गीझरचा सेफ्टी व्हॉल्व्ह गळतोय, मदत हवी आहे

मंडळी, आम्ही मिशिगनमध्ये असतो. मागच्या वर्षी जुना कॅम्पर (चाकांवरचं फिरतं घर) घेतला, त्यात ६ गॅलनचा (साधारण २३ लिटर) गॅसवरचा गीझर आहे. पाणी तापत आलं की बाहेरच्या झाकणाआडून टपटप सुरू. गळतो तो प्रेशर रिलीफ व्हॉल्व्ह, १५० पीएसआय दाबाला किंवा २१० फॅरनहाइट तापमानाला उघडणारा. गार असताना थेंबही नाही.

टाकीत वर हवेचा थर लागतो, तो संपला की तापून फुगलेलं पाणी व्हॉल्व्हमधून वाट काढतं, एवढं कळलं. म्हणून गीझर पूर्ण गार होऊ दिला, पाणी बंद केलं, गरम पाण्याचा नळ सोडला आणि व्हॉल्व्हची दांडी उचलून धार थांबेपर्यंत धरली. दोन दिवस बरं चाललं, पुन्हा तेच. (बायको म्हणते, बादली लाव आणि चहा घे.)

आता बदलायचा तर आटे गंजून घट्ट बसलेत. पाना जोरात लावला तर टाकीचेच आटे जातील ही भीती. कुणी सोडवलेत का, कसे? की कॅम्पर उभा करतो त्या कॅम्पग्राउंडच्या नळाचा दाबच जास्त असेल? पाण्याचा दाब कमी करणारा रेग्युलेटर लावलेला नाही. तोंड बुजवून टाक असं मात्र सांगू नका, टाकी फुटायची!