अनुभव धागा: शाळा-हायर सेकंडरीतली सेवा (गोवा)

एनएसएस (राष्ट्रीय सेवा योजना), इंटरॅक्ट, स्काउट-गाइड, कशातही असाल तर लिहा. एनएसएस १९६९ साली, गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, विद्यापीठांत सुरू झाली आणि पुढे अकरावी-बारावीपर्यंत आली. दोन वर्षांत २४० तास, शिवाय सात दिवसांचं शिबिर. तास वहीत भरतातच. गावाला त्यातून काय मिळालं ते सांगा.

माझं सत्तरी तालुक्यातलं. पाऊस सरल्यावर व्हाळाला, म्हणजे ओढ्याला, बांध घातला. सिमेंटच्या रिकाम्या गोणी, त्यात रेती, तोंडं सुतळीने शिवलेली. जागा आम्ही ठरवली नाही. कुळागर (सुपारी-नारळाची बाग) करणाऱ्या एका काकांनी पाण्यात उतरून पायाने तळ चाचपला आणि म्हणाले, "हंय घाला, हंय फातर आसा." (इथे घाला, इथे दगड आहे.) गोणीवर गोण सरळ न ठेवता विटांसारखी सांधे चुकवून रचायची, मधल्या फटींत चिकणमाती दाबायची, हेही त्यांनीच शिकवलं. संध्याकाळपर्यंत पाणी गुडघ्याच्या वर चढलं. गावाला विचारून केलेलं काम टिकतं, हे माझं ठाम मत तिथलंच.

मडगावहून:
आमचा इंटरॅक्ट क्लब, म्हणजे रोटरीचा १२ ते १८ वयाच्या मुलांसाठीचा. वृद्धाश्रमात नाच-गाणी बसवून गेलो. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मग एका आजींनी हात पुढे केला, "बाय, नखं कापशील?" नखं जाड झालेली, आधी कोमट पाण्यात भिजवावी लागली. पुढच्या खेपेपासून आम्ही नेलकटर, टॉवेल आणि खोबरेल घेऊन जायला लागलो. गाणी राहिली, पण शेवटी.

पेडण्याहून, एनएसएस बघणारी शिक्षिका:
किनारा साफ करायला मुलं हौसेनं येतात. पण आधी कचऱ्याच्या गाडीचं पक्कं करा. एकदा गाडी आलीच नाही, भरलेली पोती भरतीच्या रेषेजवळ पडून राहिली. मुलं इतकी हिरमुसली! आता गाडीची वेळ लेखी मिळाल्याशिवाय मी तारीख लावत नाही. फुटक्या बाटल्यांसाठी जाड हातमोजे आणि वेगळी बादली हवीच.

फोंड्याहून:
रक्तदानाला १८ पूर्ण लागतात, त्यामुळे आम्हाला देता येईना. वाड्यावाड्यावर फिरून दाते गोळा केले. माझा बाबा त्या दिवशी पहिल्यांदा रक्त देऊन आला, आता दर वर्षी देतो.

काणकोण, डिचोलीवाले, तुमचंही येऊ द्या. खाजनाच्या (खाडीकाठच्या खाऱ्या शेतजमिनीच्या) बांधावर कुणी काम केलं असेल तर जरूर लिहा.