मॅकवर पोस्टग्रेस सोर्समधून कंपाईल करतोय, आयसीयूपाशी अडकलो, सल्ला द्या

पिंपळपार०७

राम राम मंडळी. मॅकबुक एअर आहे, एम२, ८ जीबीवाला. दोन रात्री झाल्या पोस्टग्रेस १७ (डेटाबेस) सोर्समधून कंपाईल करायच्या मागे लागलोय. आधीच सांगतो, "ब्रूनं टाक आणि झोप" (ब्रू म्हणजे होमब्रू, मॅकवर तयार सॉफ्टवेअर टाकून देणारं टूल) हा सल्ला घरातूनच मिळालाय (बायकोपण डेव्हलपर आहे). ब्रूवालं १६ मशीनवर आहेच आणि मस्त चालतंय, पण मला क्वेरी आत गेल्यावर नक्की काय काय होतं ते डिबगर लावून बघायचंय. सी भाषा कॉलेजनंतर हातात धरलेली नाही, तर तेवढाच गंज निघेल म्हणून हा खटाटोप. डेटा म्हणून गावच्या वाचनालयाची सभासद यादी टाकणार आहे, ती मीच सांभाळतो, सगळी नावं देवनागरीत.

टारबॉल (सोर्सची गुंडाळलेली फाईल) उतरवली, सोडवली, कॉन्फिगर (बिल्डआधी मशीन तपासणारी स्क्रिप्ट) मारलं. "चेकिंग फॉर", "चेकिंग फॉर" करत छान पळत होतं आणि मग आयसीयू (भाषेप्रमाणे सॉर्टिंग वगैरे करणारी युनिकोडची लायब्ररी) सापडत नाही म्हणून बसलं ते बसलंच. ब्रूनं आयसीयू४सी टाकलेलं आहे, तरी तेच. हे कसं सोडवू? आणि एकूणात मॅकवर हे करण्यात शहाणपण आहे का सरळ लिनक्सचं व्हर्च्युअल मशीन घेऊ?

डबा_ऑन_डॉकर

डॉकरचा कंटेनर (आयतं बांधलेलं पोस्टग्रेस) घे ना भावा, दोन मिनिटांत मोकळा होशील.

पिंपळपार०७

अहो पहिल्या पोस्टमध्येच लिहिलंय, नुसतं चालवायचं नाहीये, आत शिरायचंय.

घाईत_आहे

कॉन्फिगरला --विदाउट-आयसीयू दे. विषय संपला. १६ पासून आयसीयू न सांगताच मागतं, आधी मागत नव्हतं, म्हणून जुन्या लेखांमध्ये हा एररच दिसत नाही.

पिंपळपार०७

झालं की! चहा ठेवला आणि मेक -जे८ (प्रत्यक्ष कंपाईल करणारी कमांड) मारलं, चहा गाळेपर्यंत संपलंसुद्धा, मला वाटलं होतं रात्रभर पंखा घरघरणार (मग आठवलं एअरला पंखाच नाही). धन्यवाद घाईत_आहे. माझ्याकडून धागा बंद केला तरी चालेल.

सदाशिव_शेल

थांबा, धागा बंद करू नका. एरर गेला म्हणजे प्रश्न सुटला असं नसतं आणि तुमच्या बाबतीत तर नक्कीच नाही, कारण यादी देवनागरीत आहे असं तुम्हीच लिहिलंय.

एक काम करा. कालेकर, काळे, कावळे, काशीद ही चार नावं एका टेबलात टाका आणि ऑर्डर बाय (सॉर्ट) करून बघा. माझा अंदाज, ह्याच क्रमानं येतील. आता शाळेतली वर्णमाला म्हणा, य र ल व श ष स ह ळ. म्हणजे काळे सगळ्यात शेवटी, काशीदच्याही नंतर यायला हवेत. पण युनिकोडमध्ये ळ बसलाय ल च्या लगेच पुढे, व च्या आधी, आणि कोडच्या आकड्यावर सॉर्ट केलं की तोच क्रम मिळतो. हिंदीवाल्याला ह्यात काही खुपणार नाही, आपल्याला खुपतं. मराठीचा म्हणून जो क्रम आहे तो आयसीयूत आहे, आणि तुम्ही नेमकं तेच काढून टाकलंत. मॅकच्या स्वतःच्या लोकेलवर (भाषेच्या सेटिंगवर) सॉर्टिंगसाठी विसंबू नका, तिथं मराठीच काय, इतर भाषांचीही रडच आहे.

आता आयसीयू सापडत का नाही ते. ब्रू काही पॅकेजेस नेहमीच्या जागी लिंक करत नाही, बाजूला ठेवतं, कारण मॅकमध्ये त्याच नावाचं काहीतरी आधीच असतं. आयसीयू त्यातलंच. पोस्टग्रेसचं कॉन्फिगर ते पीकेजी-कॉन्फिगला (लायब्ऱ्या कुठं आहेत ते सांगणारं टूल) विचारतं आणि पीकेजी-कॉन्फिगला ह्या बाजूच्या खोलीचा पत्ताच नाही. म्हणून पीकेजी_कॉन्फिग_पाथ ह्या व्हेरिएबलमध्ये ब्रूच्या आयसीयू४सीच्या फोल्डरातलं लिब/पीकेजीकॉन्फिग द्यायचं. फोल्डर कुठलं ते `ब्रू --प्रिफिक्स आयसीयू४सी` सांगेल. एम सिरीजच्या मशीनवर ब्रू /ऑप्ट/होमब्रू मध्ये असतं, जुन्या इंटेलवर /यूएसआर/लोकल मध्ये, त्यामुळे कुणाचा जुना लेख बघून पाथ जसाच्या तसा चिकटवू नका, निम्मे लोक तिथंच आपटतात. (कमांड मी देवनागरीत लिहितोय, टाईप करताना रोमनमध्ये करा, नाहीतर टर्मिनल रुसेल.)

आणि हातासरशी --प्रिफिक्स देऊन होम फोल्डरमध्येच इन्स्टॉल करा, पीजी१७ वगैरे नावानं. काही दिलं नाही तर ते /यूएसआर/लोकल/पीजीएसक्यूएल मध्ये जातं, मग सुडो (ॲडमिनचा हक्क) लागतं, मग परमिशनची भांडणं. पोर्ट पण वेगळा द्या, --विथ-पीजीपोर्ट=५४३३, कारण ५४३२ वर तुमचं ब्रूवालं बसलेलं असणार. डिबगर लावायचाय तर --एनेबल-डिबग हवंच, --एनेबल-कॅसर्ट (आतल्या जादा तपासण्या) असू द्या, आणि सीफ्लॅग्जमध्ये -ओ० (इंग्रजी ओ, पुढे शून्य, म्हणजे ऑप्टिमायझेशन बंद). ते नसलं की ऑप्टिमायझर निम्मी व्हेरिएबल्स गिळून टाकतो आणि डिबगरमध्ये बाण वेड्यासारखा वरखाली उड्या मारतो. कॅसर्टनं सर्व्हर हळू होतो, त्यामुळे अशा बिल्डवर वेगाची मापं काढू नका.

घाईत_आहे

मान्य काका, मी नावं देवनागरीत आहेत ते वाचलंच नव्हतं. नावाला जागलो.

पिंपळपार०७

सदाशिवकाका, बघितलं. तुम्ही लिहिल्याच क्रमानं आली चारही नावं. आणि आता ट्यूब पेटली. गेल्या महिन्यात ग्रंथपालबाई म्हणाल्या होत्या की छापील यादीत काळ्यांची नावं भलतीकडे जातात, मी म्हटलं कॉम्प्युटर असंच लावतो. त्यांनी काही न बोलता त्यांचं लाल पुठ्ठ्याचं रजिस्टर पुढं सरकवलं होतं, त्यात क च्या पानाच्या तळाशी काळे, काळभोर, काळोखे असे एकाखाली एक ओळीनं. मला तेव्हा वाटलं नावं उशिरा आली म्हणून खाली लिहिली असतील.

आता तुमच्या सांगण्यानं पुन्हा कॉन्फिगर केलं, ह्यावेळी विनातक्रार झालं, मेक, मेक इन्स्टॉल, सर्व्हर रीस्टार्ट. पण ऑर्डर बायच्या पुढे कोलेट "एमआर-एक्स-आयसीयू" लावलं तर असं कोलेशनच (सॉर्टचा नियम) नाही म्हणतंय. आता काय?

मेकफाईल_मावशी

मधे मेक क्लीन केलंस का? नसणार. मेक फारच लवकर संपलं असेल, आणि तू खूश झाला असशील.

पोस्टग्रेसचा मेक हेडर बदलला म्हणून सी फाईल परत कंपाईल करत नाही, त्यासाठी कॉन्फिगरला --एनेबल-डिपेंड द्यावं लागतं आणि ते आपणहून चालू नसतं. म्हणजे तू कॉन्फिगर बदललंस, पण ऑब्जेक्ट फाईली बऱ्याचशा कालच्याच, बिनआयसीयूच्या. शिळ्या भाताला फोडणी दिलीस फक्त. मेक डिस्टक्लीन, मग पुन्हा कॉन्फिगर, पुन्हा मेक. आणि तू सोर्समध्ये बोटं घालणारच आहेस तर एनेबल-डिपेंड आत्ताच लावून टाक.

दुसरं असं की कोलेशनची यादी डेटाबेसमध्ये इनिटडीबीच्या (नवा डेटा फोल्डर तयार करणारी कमांड) वेळी भरली जाते. तुझं इनिटडीबी झालं तेव्हा आयसीयू नव्हतं, म्हणून नवीन बिल्ड टाकलास तरी ती नावं आपोआप उगवणार नाहीत. एकतर पीजी_इम्पोर्ट_सिस्टीम_कोलेशन्स हे फंक्शन चालव, पीजी_कॅटलॉग हे स्कीमाचं नाव त्याला दे, नाहीतर डेटा फोल्डर उडवून नव्यानं इनिटडीबी कर. तुझ्याकडे अजून काही साठलेलं नाही तर मी उडवेन. उडवणार असशील तर इनिटडीबीला --लोकेल-प्रोव्हायडर=आयसीयू --आयसीयू-लोकेल=एमआर-आयएन दे, मग दरवेळी कोलेट लिहायला नको. बिल्डमध्ये आयसीयू आहे म्हणून इनिटडीबी ते आपणहून वापरत नाही बरं का, सांगावं लागतं.

हे सगळं मला इतकं पाठ का, तर मीही एकदा अख्खा रविवार घालवलाय ह्यात. मटण थंड झालं, आई बोलली ते वेगळंच.

रात्रपाळी

धाग्यात घुसतोय, माफ करा. मी पण सोर्समधून १७ टाकलंय मॅकवर. मेक चेक (टेस्ट) केलं तर सुरुवातीलाच फटाफट फेल, लिबपीक्यू (पोस्टग्रेसची क्लायंट लायब्ररी) लोड होत नाही म्हणे. बिल्ड गंडलंय का?

मेकफाईल_मावशी

नाही रे, बिल्ड ठीक आहे. मॅकच्या सिस्टीम इंटेग्रिटी प्रोटेक्शनमुळे डीवायएलडीची (मॅकचा लायब्ररी लोडर) सेटिंग्ज शेलमधून पुढं जाऊ दिली जात नाहीत, त्यामुळे चेक चालू असताना प्रोग्राम लायब्ररी इन्स्टॉलच्या जागी शोधतात आणि तिथं अजून काही नसतं. आधी मेक इन्स्टॉल, मग मेक चेक. उलटं वाटतं पण मॅकवर हेच, पोस्टग्रेसच्या डॉक्युमेंटेशनमध्येही तसंच दिलंय. ते प्रोटेक्शन बंद करा असं सांगणारे भेटतील, त्यांचं ऐकू नकोस.

रात्रपाळी

चाललं मावशी! अजून एक, पीजीव्हेक्टर हे एक्स्टेन्शन (पोस्टग्रेसला जोडायचं जादा मॉड्यूल) कंपाईल केलं, एरर नाही, पण क्रिएट एक्स्टेन्शन म्हटलं की फाईलच सापडत नाही.

सदाशिव_शेल

ब्रूचं पोस्टग्रेसही आहे का मशीनवर? असणारच. `विच पीजी_कॉन्फिग` मारून बघा. एक्स्टेन्शनं कुठल्या पोस्टग्रेससाठी बांधायचं आणि कुठं टाकायचं हे पीजी_कॉन्फिगला विचारतात, आणि पाथमध्ये जो पहिला सापडेल तोच बोलतो. तुमचं एक्स्टेन्शन बिनबोभाट शेजारच्या घरी जाऊन बसलंय. मेकला पीजी_कॉन्फिग= म्हणून तुमच्या पीजी१७/बिन मधल्याचा पूर्ण पाथ द्या, मेक आणि मेक इन्स्टॉल दोन्हीला.

आणि मॅक अपग्रेड केल्यावर एखादं एक्स्टेन्शन एसडीके (ॲपलच्या हेडर-लायब्ऱ्यांचा संच) सापडत नाही म्हणून रडलं तर घाबरू नका. पोस्टग्रेस बांधताना जो एसडीकेचा पाथ होता तो आत लिहून ठेवलेला असतो. मेकला पीजी_सिसरूट= देऊन `एक्ससीरन --शो-एसडीके-पाथ` जे सांगेल ते द्यायचं.

डबा_ऑन_डॉकर

आणि एवढं करून ब्रू अपग्रेड मारला की आयसीयूचा आकडा बदलणार आणि तुमचा सर्व्हर उठणारच नाही. म्हणून म्हणतो कंटेनर.

सदाशिव_शेल

हे मात्र खरं बोललात. आयसीयूच्या लायब्ररीच्या फाईलीच्या नावातच आवृत्ती असते, जुनी फाईल क्लीनअपमध्ये गेली की आपला बायनरी तिला शोधत बसतो. सोर्समधून बांधलेल्याला कुणी सांगत नाही, ब्रूवाल्या पोस्टग्रेसची काळजी ब्रू घेतं, तुमच्याची तुम्ही घ्या. पुन्हा बांधायचं, आणि आयसीयू बदललं म्हणून कोलेशनच्या आवृत्तीबद्दल वॉर्निंग आली तर दुर्लक्ष करू नका, आधी रीइंडेक्स (इंडेक्स नव्यानं बांधणं), मगच आवृत्ती रिफ्रेश करा. सॉर्टचा क्रम बदललेला असताना इंडेक्स जुन्या क्रमाचा राहिला तर असलेलं नावही सापडणार नाही.

पण शिकायला म्हणून करताय तर ह्यात वाईट काय आहे? डॉकरमध्ये हे सगळं असतंच, फक्त दुसऱ्या कुणीतरी आधीच ठेचा खाल्लेल्या असतात.

घाईत_आहे

मेसन (दुसरी बिल्ड सिस्टीम) वापरा, १६ पासून पोस्टग्रेसमध्ये आहे, निन्जाबरोबर सुसाट पळतं. कॉन्फिगर-मेक म्हाताऱ्यांचं.

सदाशिव_शेल

म्हातारा हजर आहे. मेसन चांगलंय, मीही वापरतो, पण पहिल्यांदा करणाऱ्याला शोधल्यावर जी उत्तरं मिळतात ती अजूनही कॉन्फिगरचीच असतात, म्हणून.

म्हाताऱ्यांवरून आठवलं, मॅकबरोबर जो बायसन (पार्सर बनवणारं टूल) येतो तो २.३, म्हणजे २००६ चा. मेक ३.८१, तोही २००६ चा, बॅश ३.२. जीपीएल लायसन्सची तिसरी आवृत्ती आल्यावर ॲपलनं ह्या मंडळींच्या पुढच्या आवृत्त्या घेतल्याच नाहीत. १७ च्या टारबॉलमध्ये पार्सरच्या तयार फाईली देणं बंद झालंय, त्यामुळे बायसन आता लागतोच, आणि किमान अट किती तर २.३. पस्तीस मार्क, काठावर पास.

पिंपळपार०७

अपडेट देतो. डिस्टक्लीन करून सगळं पहिल्यापासून केलं, डेटा फोल्डर उडवला, मावशींनी सांगितलं तसं एमआर-आयएन देऊन इनिटडीबी. कालेकर, कावळे, काशीद, काळे. बरोब्बर! मग पूर्ण यादी टाकून प्रिंट काढली, उद्या बाईंना नेऊन देतो.

माझा एक गाढवपणा पण सांगतो. सोर्सचं फोल्डर मी डेस्कटॉपवर ठेवलं होतं आणि डेस्कटॉप आयक्लाउडला जोडलेला. मेक चालू झालं की एकेक ऑब्जेक्ट फाईल वर चढवत होतं, बायकोची मीटिंग चालू होती, तिला कळेना नेट कुठं जातंय. मला कळत होतं, पण मी गप्प बसलो. आता होममध्ये वेगळं फोल्डर केलंय, नावात स्पेस न देता.

डिबगरचं कुणी सांगेल का, सुरुवात कुठून करू?

मेकफाईल_मावशी

मॅकवर एलएलडीबी हा डिबगर, तो कमांड लाईन टूल्सबरोबर आलेलाच असतो. एका टर्मिनलमध्ये पीएसक्यूएल (पोस्टग्रेसचा क्लायंट) उघड आणि सिलेक्ट पीजी_बॅकएंड_पीआयडी() मार, आकडा येईल. पोस्टग्रेस प्रत्येक कनेक्शनला वेगळी प्रोसेस देतं, तर हा तुझ्या कनेक्शनच्या प्रोसेसचा आकडा. दुसऱ्या टर्मिनलमध्ये एलएलडीबी -पी आणि तो आकडा. एक्झेक_सिम्पल_क्वेरी ह्या फंक्शनवर ब्रेकपॉइंट लाव, कंटिन्यू कर, मग पहिल्या टर्मिनलमध्ये कुठलीही क्वेरी टाक. पीएसक्यूएल गोठल्यासारखं दिसेल, घाबरू नको, तिकडे थांबलंय.

पिंपळपार०७

थांबलं! क्वेरी_स्ट्रिंग प्रिंट केलं तर मी टाईप केलेलं सिलेक्ट जसंच्या तसं समोर, फक्त 'काळे'च्या जागी बॅकस्लॅश आणि आकड्यांची रांग दिसतेय. ते यूटीएफ-८ चे बाइट असणार ना? क ला तीन, काना तीन, ळ तीन, मात्रा तीन, बारा मोजले. आता पार्सरमध्ये शिरतोय, अडकलो की इथंच येतो.