मदत हवी आहे: रीफ टँकमध्ये अल्कलिनिटी टिकत नाही, कॅल्शियम मात्र जवळपास तेवढंच

नमस्कार मंडळी,

मी न्यू जर्सीत राहते. घरी ७५ गॅलनचा रीफ टँक (कोरल असलेली समुद्री पाण्याची टाकी) आहे. दगड-वाळू वजा केली तर पाणी साधारण २५० लिटर भरतं. सुरुवातीला झोआंथिड आणि लेदर ही मऊ कोरलं एवढंच होतं. आता हॅमर, बर्ड्सनेस्ट आणि दोन मॉन्टिपोरा ही कठीण कोरलं आहेत. सगळी टँकमध्येच वाढवलेली कलमं, इथल्या हौशी लोकांकडून घेतलेली. दगडांवर जांभळं कोरलाइन शेवाळही छान पसरलंय.

आजवर नियमित पाणी बदललं की भागायचं, आता भागत नाही. बेकिंग सोडा विरघळवून अल्कलिनिटी (पाण्यातलं बायकार्बोनेट-कार्बोनेट, ते डीकेएचमध्ये मोजतात) ८.४ डीकेएचवर आणली, तर दोन दिवसांत ती ७.२ वर येते. कॅल्शियम मात्र रविवारी ४३० पीपीएम (दशलक्षात ४३० भाग) होतं, बुधवारी ४२०. मॅग्नेशियम ११५०. सॅलिनिटी (खारेपणा) दर हजारी ३५, तापमान २५.५ अंश सेल्सिअस. पीएच सकाळी ७.८, संध्याकाळी ८.०, थंडीमुळे खिडक्या बंदच असतात.

मॉन्टिपोराच्या कडेला वाढीची जी पांढरी रेघ दिसायची, ती पुसट झाली आहे. त्याची मला जास्त काळजी वाटते. शिवाय रिटर्न पंप उघडला तर इम्पेलरवर (आतल्या फिरत्या पात्यांवर) पांढरा खरखरीत थर होता. हीटरवरही तसाच. व्हिनेगरमध्ये ठेवल्यावर फसफसून निघाला.

दुकानदार म्हणतो, कॅल्शियम ठीक आहे, फक्त अल्कलिनिटीचं द्रावण रोज घाला. मला ते पटत नाहीये. दोन्ही घालावं का? की चुन्याच्या निवळीवर जावं? आणि मॅग्नेशियम आधी वाढवायला हवं का? ही कोरलं मला गमवायची नाहीत, त्यामुळे जाणकारांनी जरा सविस्तर सांगावं.

प्रतिसाद १

ताई, तुम्हाला पटत नाहीये ते बरोबरच आहे. कोरल सांगाडा बांधतं तो कॅल्शियम कार्बोनेटचा, त्यामुळे दोन्ही गोष्टी ठरलेल्या प्रमाणात एकत्रच खर्च होतात: १ डीकेएच गेली की सोबत सुमारे ७ पीपीएम कॅल्शियम जातं. तुमची अल्कलिनिटी रोज ०.६ ने उतरते, म्हणजे कॅल्शियम रोज चारेक पीपीएमने उतरणार. रविवार ते बुधवार तेरा. तुम्हाला दहा दिसले. हिशोब जुळतोय! घरगुती किटमध्ये एक थेंब इकडेतिकडे झाला तरी दहा-पंधराचा फरक पडतो, शिवाय ४३० मधून १३ गेले तर डोळ्यात भरत नाहीत. ८.४ मधून सव्वा गेली की लगेच कळतं. नुसती अल्कलिनिटी घालत राहिलात तर महिन्याभरात कॅल्शियम तीनशेच्या घरात जाईल.

पण आधी मॅग्नेशियम. समुद्रात ते १३०० च्या आसपास असतं, आणि कॅल्शियम कार्बोनेटचे स्फटिक आपोआप जमण्याला तेच अडवतं. कमी पडलं की गरम पृष्ठभागावर आणि पंपात तो पांढरा थर धरतो, म्हणजे कोरलांच्या वाट्याचं तिथे जातं. १५० ने वाढवायला २५० लिटरला मॅग्नेशियम क्लोराइड हेक्झाहायड्रेट सुमारे ३१० ग्रॅम लागेल. तीन-चार दिवसांत विभागून घाला. त्याआधी रिफ्रॅक्टोमीटर (खारेपणा मोजायचं उपकरण) ३५ च्या प्रमाणित द्रावणावर तपासा, नुसत्या डिस्टिल्ड पाण्यावर नको. सॅलिनिटीच कमी निघाली तर बाकीचे आकडे आपोआप कमी दिसतात.

मग रोजची भर. तुमच्या पाण्यात १ डीकेएच म्हणजे साडेसात ग्रॅम बेकिंग सोडा, आणि त्याच्या जोडीचं कॅल्शियम म्हणजे साडेसहा ग्रॅम कॅल्शियम क्लोराइड डायहायड्रेट. रोजच्या ०.६ साठी दोन्ही त्याच प्रमाणात कमी घ्या. दोन द्रावणं वेगवेगळी, वेगवेगळ्या वेळी, जोराचा प्रवाह असेल तिथे. एकत्र आली तर तिथेच गढूळ होतील. दिवसात १ डीकेएचपेक्षा जास्त चढवू नका, बर्ड्सनेस्टची टोकं जळतात.

प्रतिसाद २

पुण्याहून लिहितोय. आपल्याकडे कठीण कोरलं वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ च्या अनुसूची १ मध्ये आहेत, त्यामुळे माझा टँक फक्त माशांचा. पण एक विचारतो: उडालेल्या पाण्याच्या जागी कुठलं पाणी घालता? पिण्याच्या आरओमध्ये चवीसाठी खनिजं परत मिसळलेली असतील तर ते चालणार नाही. टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) शून्य हवा.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. पाणी आरओ-डीआयचं (आरओनंतर उरलेले क्षारही काढलेलं), टीडीएस शून्य. रिफ्रॅक्टोमीटर प्रमाणित द्रावणावर बरोबर ३५ दाखवतो. मॅग्नेशियम क्लोराइड मागवलंय. रोज तीनेक लिटर पाणी उडतं, तर निवळी त्यातूनच देता येईल का? पीएचही कमीच आहे म्हणून विचारते.

प्रतिसाद १

हो, आणि तुमच्या बंद खिडक्यांच्या घरात मी तेच निवडेन. घरातला कार्बन डायऑक्साइड पीएच खाली ओढतो आणि निवळी तो वर उचलते. कॅल्शियम व अल्कलिनिटी हव्या त्या प्रमाणातच एकत्र मिळतात. लिटरला दोन ग्रॅम कॅल्शियम हायड्रॉक्साइड, ढवळून काही तास ठेवा, गाळ खाली बसू द्या आणि फक्त वरचं स्वच्छ पाणी घ्या. पूर्ण ताकदीची सव्वा लिटर निवळी तुमचे रोजचे ०.६ भरून काढते, बाकीचं साधं आरओ-डीआय. भांड्याला झाकण हवंच, नाहीतर हवेतल्या कार्बन डायऑक्साइडने वर साय धरते आणि ताकद जाते. हिचा पीएच १२ च्या वर असतो, तेव्हा हातमोजे घाला, घरात लहान मूल असेल तर भांडं उंचावर ठेवा, आणि टँकमध्ये थेंब-थेंब, रात्रीच सोडा. पहिले काही दिवस अल्कलिनिटी रोज एकाच वेळी मोजा आणि आकडे इथे टाका, मात्रा त्यावरून ठरवू.