१ ऑगस्ट : एका टेबलावर दोन फोटो कशाला?

खडूवाला : आमच्या शाळेत दर १ ऑगस्टला टेबल एक, फोटो दोन, नारळ एक. १९२० साली याच तारखेला लोकमान्य टिळक मुंबईत सरदारगृहात वारले आणि त्याच दिवशी वाटेगावात अण्णाभाऊ साठे जन्मले, म्हणून पुण्यतिथी आणि जयंती एकाच तासात उरकायची. यंदा अकरा भाषणं झाली. नऊ टिळकांवर, त्यातली सात शेंगांच्या टरफलांवर! अण्णाभाऊंच्या वाट्याला ‘दीड दिवसाची शाळा’, संपलं. तारीख जुळली हा निव्वळ योगायोग. अण्णाभाऊंचा कार्यक्रम वेगळा घ्या, १८ जुलैला स्मृतिदिन आहेच.

चिरागनगर : सर, हलवायचं म्हटलं की अण्णाभाऊंनीच का हलायचं? आमच्याकडे त्या दिवशी मिरवणूक निघते, ती १८ जुलैला न्या म्हणून सांगून बघा एकदा. आणि मुलांना भाषणं लिहून कोण देतं? आपणच ना? वाटेगावहून मुंबईपर्यंत चालत आलेलं पोर, गिरणी, लाल बावटा कलापथक, ‘माझी मैना गावावर राहिली’... यातलं एक वाक्य लिहून द्यायला काय जातं?

जुनी कात्रणं : निव्वळ योगायोग कसा? गांधींनी असहकार सुरू केला तोही १ ऑगस्ट १९२०. त्याच दिवशी कैसर-ए-हिंद पदक सरकारला परत केलं आणि टिळकांच्या तिरडीला खांदाही दिला. भर पावसात गिरगाव चौपाटीला माणसांचा समुद्र. हा अख्खा दिवसच शिकवा की.

खडूवाला : असहकाराची तारीख आधीच ठरली होती हो. टिळक काही ती गाठायला थांबले नव्हते. मी योगायोग म्हणतो तो हाच.

कोरा कागद : असेना योगायोग. पण फोटो शेजारी आहेत तर जरा अवघड प्रश्न विचारा. टिळकांना ‘तेल्यातांबोळ्यांचे पुढारी’ म्हणायचे, आणि १९१७ साली अथणीच्या सभेत त्यांनीच कुणब्यांना कौन्सिलात, म्हणजे कायदेमंडळात, जाऊन नांगर हाकायचा आहे का, असं विचारलं. तिकडे अण्णाभाऊंनी इंग्रजांशी झुंजणारा मांगाचा फकिरा उभा केला आणि ती कादंबरी बाबासाहेबांच्या लेखणीला अर्पण केली. दोघांचं भांडण इंग्रजांशी, पण स्वराज्य कुणाचं, यावर दोघं एका बाकावर बसले असते का? नववीच्या पोरांना हे झेपतं, मी शिकवलंय.

जुनी कात्रणं : अथणीचं एक वाक्य उचलून मंडालेची सहा वर्षं पुसता येत नाहीत.

कोरा कागद : पुसतंय कोण? दोन्ही सांगा म्हणतोय.

खडूवाला : बरं, टेबल एकच ठेवतो. टरफलांवर मात्र पुढच्या वर्षी बंदी. शिवाय त्याच दिवशी महसूल दिन, त्यामुळे पाहुणे म्हणून बोलावलेले तलाठी भाऊसाहेब येतच नाहीत, ते वेगळंच.

चिरागनगर : भाऊसाहेब राहू द्या. नारळ दोन आणा.